ग्रंथालय सेवकांना संवाद आणि नेतृत्व शिकवायचं, तर सुरुवात देवघेव काउंटरपासून करा

एका ग्रंथपालांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावचं 'अ' वर्गाचं (शासनाच्या वर्गवारीतलं वरच्या श्रेणीचं) सार्वजनिक ग्रंथालय. ग्रंथपाल नव्याने रुजू झाल्या आहेत. सोबत एक सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक (काउंटरवर पुस्तकांची देवघेव करणारा सेवक), लिपिक आणि शिपाई. सभासदांची तक्रार आहे की काउंटरवर तुटक बोलतात. सकाळच्या पाळीत दिलेला निरोप संध्याकाळच्या पाळीला कळत नाही. सहायक ग्रंथपाल वयाने लहान, म्हणून जुने सेवक तिचं ऐकत नाहीत. कार्यकारी मंडळाने संवादकौशल्य आणि नेतृत्व या विषयांवर दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी पैसे मंजूर केले आहेत. वक्ता कोण बोलवावा आणि विषय कोणते ठेवावेत?

माझी बरीचशी नोकरी देवघेव विभागात आणि नंतर ग्रंथपालाच्या खुर्चीत गेली, आता मी नव्या सेवकांना शिकवते. त्या अनुभवावरून सांगते: वक्ता शोधू नका. दोन दिवस सभागृहात बसून ऐकलेलं तिसऱ्या दिवशी काउंटरवर टिकत नाही. सेवक बोलायला शिकतात ते कामाच्या जागी, सहकाऱ्याच्या देखत, थोडं थोडं करून. आणि काउंटरवरच्या माणसाच्या हातात निर्णयाचा थोडा तरी अधिकार दिला नाही, तर कितीही शिकवलं तरी त्याचं बोलणं बदलत नाही. तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी मला हेच दिसतं.

आधी एक काम करा. आठवडाभर रोज तासभर काउंटरच्या बाजूला खुर्ची टाकून बसा. तपासणीला बसल्यासारखं नको, दाखल नोंदवही (नव्या पुस्तकांची नोंद करायची वही) किंवा बिलं हातात घेऊन आपलं काम करत बसा. सभासद काय विचारतो आणि त्याला काय उत्तर मिळतं, तेवढं टिपून ठेवा. कोण चुकलं ते लिहू नका. बोलणं कुठे अडकलं तेवढंच लिहा. चार-पाच प्रसंग पुन्हा पुन्हा येतील: हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असणं, विलंब शुल्क, हरवलेलं पुस्तक, अभ्यासिकेतली जागा, आणि 'अमुक विषयावर काही आहे का' हा प्रश्न. तुमच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम हाच. बाहेरच्या वक्त्याकडे तो नसतो.

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त बिघडतो. समजा, एक वयस्कर गृहस्थ येतात आणि विचारतात, "आपल्या तालुक्याच्या इतिहासावर काही आहे का?" निर्गम सहायक बोट दाखवतो, "ते तिकडे, इतिहासाचं कपाट." गृहस्थ कपाटासमोर दहा मिनिटं उभे राहतात, शिवकाल आणि पेशवाईची पुस्तकं चाळतात आणि निघून जातात. सेवक उद्धट बोलला नाही, उत्तरही चुकीचं नव्हतं. तरी वाचक रिकाम्या हाताने गेला. आता हाच प्रसंग दुसऱ्या प्रकारे बघा. "आहे ना काका. कशाच्या कामासाठी बघताय, म्हणजे नेमकं काढून देतो." "गावच्या यात्रेची स्मरणिका काढतोय. जुन्या बाजाराबद्दल कुठेतरी लिहिलंय म्हणतात." मग लगेच जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, हातात देता येतं. आपल्याकडे प्रत नसली तरी राज्य शासनाच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने गॅझेटियर संगणकावर उपलब्ध करून दिली आहेत, तिथलं पान दाखवता येतं.

अमेरिकेतले ग्रंथालयशास्त्रज्ञ रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये हीच गोष्ट नीट मांडून ठेवली. माणसाच्या मनात गरज आधी अस्पष्ट असते, मग ती त्याला जाणवते, मग तो ती शब्दांत मांडतो. आणि ग्रंथालयात आल्यावर 'इथे काय मिळू शकेल' याचा अंदाज बांधून तिला कापून-छाटून विचारतो. म्हणजे आपल्या कानावर पडतो तो प्रश्न चौथ्या पायरीवरचा. परत पहिल्या पायऱ्यांकडे जायचं ते आपण, एखादा साधा प्रश्न विचारून. तो कसा विचारायचा, यालाही सराव लागतो. "का हवंय?" असं विचारलं की चौकशी केल्यासारखं होतं आणि माणूस आखडतो. "कशासाठी बघताय, सांगितलंत तर पटकन सापडेल" म्हटलं की तो स्वतःहून बोलतो. आणि विषय आजाराचा, कोर्टकचेरीचा किंवा घरगुती असेल तर कपाटापर्यंत सोबत चालत जाऊन हळू आवाजात बोलायचं. एखादी मुलगी पाळीच्या त्रासाबद्दलचं पुस्तक मागते आणि सेवक पलीकडच्या टेबलावर ओरडून विचारतो, "आरोग्याचं कुठे ठेवलंय रे?" ती मुलगी पुन्हा येत नाही. हे सांगितल्यावर सेवकांना लगेच पटतं, पण आधी कोणी सांगितलेलं नसतं. ग्रंथालयाची प्रमाणपत्र परीक्षा असो की बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी, वर्गीकरण आणि तालिकीकरणावर (पुस्तकांची सूची करण्यावर) मेहनत घेतली जाते, सभासदाशी कसं बोलावं याच्या वाट्याला फार थोडं येतं.

मेरीलँड राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत १९८३ मध्ये झालेलं सर्वेक्षण मी प्रत्येक वर्गात सांगते. ओळख न देता वाचक बनून गेलेल्या लोकांनी ठरवलेले प्रश्न विचारले. पूर्ण आणि बरोबर उत्तरं मिळाली सुमारे ५५ टक्के वेळा. बरोबर उत्तर मिळणं हे पुस्तकांच्या संख्येवर फारसं अवलंबून नव्हतं, ते सेवकाच्या वागण्यावर अवलंबून होतं. त्यातही सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे शेवटी विचारलेला प्रश्न: "तुम्हाला हवं होतं ते सगळं मिळालं ना?" पुढे तिथे यावर प्रशिक्षण दिलं गेलं. नंतर सहकाऱ्यांनी एकमेकांना बघून, सांगून सराव चालू ठेवला, तिथे सुधारणा ठळक दिसली. तो शेवटचा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. उद्यापासून तुमच्या काउंटरवर तो सुरू करता येईल.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. आपण ते मांडणीपुरतं आणि तालिकेपुरतं वापरतो. काउंटरवरच्या बोलण्याला ते तितकंच लागू आहे.

आता अधिकाराकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे. तुटक बोलणाऱ्या सेवकाचं बोलणं नीट ऐका. तो सारखं एकच वाक्य म्हणत असतो: "नियम आहे." सभासद सांगतो, वडील दवाखान्यात होते म्हणून पुस्तक परत करायला उशीर झाला. सेवकालाही ते पटलेलं असतं. पण त्याला दहा रुपये माफ करण्याचा अधिकार नाही. माफ केले तर लिपिक विचारणार, हिशेबात फरक का? ग्रंथपाल दुपारी नाहीत, कार्यवाहांना फोन करायची त्याची हिंमत नाही. मग तो नियमाच्या आड उभा राहतो आणि आवाज चढतो. याला आपण संवादकौशल्याचा अभाव म्हणतो. मला हा अन्याय वाटतो. ज्या माणसाला 'हो' म्हणायची मुभाच नाही, त्याने 'नाही' गोड म्हणावं एवढीच अपेक्षा आपण करत असतो.

म्हणून वक्त्याआधी अर्ध्या पानाचा एक ठराव मंडळाकडून मंजूर करून घ्या. देवघेव काउंटरवर त्या वेळी जो सेवक असेल, त्याला काय काय करता येईल ते त्यात लिहा. ठरावीक रकमेपर्यंतचं विलंब शुल्क कारण लिहून माफ करता यावं. मुदत एकदा जास्तीची वाढवता यावी. आजारी सभासदाच्या घरच्या माणसाच्या हाती पुस्तक देता यावं. हरवलेल्या पुस्तकाच्या बदल्यात त्याच पुस्तकाची चांगली प्रत घेता यावी. रक्कम किती, मुदत किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. महिन्याअखेर ती नोंद तुमच्यासमोर यावी, एवढंच बंधन पुरे. असा ठराव झाला की बोलणं आपोआप बदलतं. "हे माझ्या अधिकारात आहे, करून देतो," असं म्हणणारा माणूस खांदे पाडून बसत नाही. आणि जे त्याच्या अधिकारात नाही तेही तो नीट सांगू शकतो: "याचा निर्णय मॅडम घेतात, त्या उद्या सकाळी असतात. मी लिहून ठेवतो, तुमचा नंबर द्या, फोन करतो." यातला फोन प्रत्यक्षात झाला पाहिजे. झाला की नाही, हे रोज बघायची जबाबदारी तुमची.

नेतृत्वही इथेच तयार होतं. संध्याकाळी सहानंतर ग्रंथालयात तुम्ही नसता. तेव्हा दिवे गेले, अभ्यासिकेत भांडण झालं, पाऊस आत आला, तर निर्णय घेणारा निर्गम सहायक किंवा शिपाई हाच त्या वेळचा प्रमुख असतो. फक्त ते कोणी त्याला सांगितलेलं नसतं. सांगा. संध्याकाळच्या पाळीचा प्रमुख म्हणून त्याचं नाव फलकावर लिहा.

यात एक अडचण येते, ती स्पष्ट सांगते. आपली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं संस्था चालवतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, त्याखाली शासनमान्य झालेली ग्रंथालयं हजारोंच्या संख्येने आहेत आणि ती कार्यकारी मंडळांच्या निःस्वार्थ कामावर उभी आहेत. अध्यक्ष, कार्यवाह ही गावातली मानाची माणसं. पण कार्यवाह थेट शिपायाला फोन करून काम सांगतात, कोषाध्यक्ष लिपिकाला वेगळंच सांगतात आणि ग्रंथपालाला ते दुसऱ्या दिवशी कळतं. मग सेवकांना कळतं की खरा साहेब कोण. तुमच्या सहायक ग्रंथपालाचं ऐकलं जात नाही, त्यामागे वय हे एक कारण असेल, पण हे दुसरं कारण मोठं असतं. म्हणून प्रशिक्षणातलं एक सत्र मंडळासोबत ठेवा. आदराने, पण ठामपणे मागा की सेवकांना सूचना ग्रंथपालामार्फतच जातील. ठरावाच्या भाषेत मागितलंत तर कुणाला वैयक्तिक वाटणार नाही.

सहायक ग्रंथपालाबद्दल. तिच्याकडे बी.लिब. आहे, संगणकावर ती सगळं करते. समोरचे काका, म्हणजे तुमचे जुने सेवक, तिच्या जन्माच्या आधीपासून तिथे आहेत. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटाच्या मागच्या रांगेत सरकलंय आणि कोणत्या आजींना कोणत्या लेखिकेच्या कादंबऱ्या आवडतात, हे त्यांना पाठ आहे. दोघांनाही दुसऱ्याच्या ज्ञानाची गरज आहे आणि दोघेही ते मान्य करायला कचरतात. तिला सांगा, पहिले काही आठवडे काकांना विचारून शिक, आणि ते सगळ्यांसमोर विचार. आणि तुम्ही एक पथ्य पाळा. जी कामं तिच्याकडे सोपवली आहेत, त्याबद्दल कोणी थेट तुमच्याकडे आलं तर उत्तर देऊ नका. "हे ताईंकडे आहे, त्या सांगतील," एवढंच म्हणा. तिचा निर्णय तुम्हाला पटला नाही तरी सगळ्यांदेखत बदलू नका, संध्याकाळी तिच्याशी एकटीशी बोला.

वयाने मोठ्या सेवकाची चूक दाखवायची कशी, हे तिला शिकवावं लागेल. "तुम्ही नेहमी असंच करता" हे वाक्य कायमचं बंद. काय घडलं, त्याने काय झालं, पुढे काय करायचं, एवढंच बोलायचं. उदाहरणार्थ, "काका, काल संध्याकाळी त्या बाईंना पुस्तक बाहेर आहे एवढंच सांगितलं गेलं. त्या दुसऱ्यांदा येऊन परत गेल्या. मागणी नोंदवहीत नाव लिहिलं असतं तर पुस्तक आल्यावर फोन करता आला असता. आजपासून तसं करू या का?" हे सभासदासमोर नाही, चहाच्या वेळी नाही, दोघंच असताना. आणि नंतर काकांनी नाव लिहून घेतलेलं दिसलं की त्याच दिवशी सांगायचं, "आज चार नावं लिहिली गेली, बरं झालं." आपल्याकडे चूक लगेच सांगतात आणि चांगलं काम निवृत्तीच्या समारंभात सांगतात. ते रोज सांगितलं पाहिजे.

पाळीबदलाचा प्रश्न वहीने सुटतो. जाड पुठ्ठ्याची एक वही काउंटरवर ठेवा. जाणारा सेवक लिहील: कोणाला काय सांगितलं, कोण परत येणार आहे, काय बिघडलंय. येणारा वाचून सही करेल. पाच ओळी पुरतात. व्हॉट्सॲप गटावर सूचना टाकली म्हणजे ती पोचली, असं धरू नका. सुप्रभातच्या फुलांत ती वाहून जाते, आणि घरी असलेल्या सेवकाने रात्री संदेश बघावेत अशी अपेक्षाही ठेवू नये.

आता प्रत्यक्ष सराव. आठवड्यातून एकदा, ग्रंथालय उघडण्याआधी वीस मिनिटं. एकच प्रसंग घ्यायचा. एक सभासद होईल, एक सेवक, बाकीचे बघतील. बघणाऱ्यांनी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायचं: आज फक्त पहिलं वाक्य, पुढच्या वेळी फक्त शेवटचा प्रश्न. शिपायालाही घ्या. दारात सगळ्यात आधी भेटतो तो तोच. तुम्ही स्वतः सेवकाची भूमिका करा आणि इतरांना तुमचं बोलणं तपासू द्या. तुम्ही केल्याशिवाय कोणी मनापासून करणार नाही.

प्रसंग तुमच्या टिपणांतून घ्या, पण दोन मी सुचवते. पहिला, बालविभागातले पालक. मूल गोष्टीच्या पुस्तकाला हात लावतं आणि आई म्हणते, "ते नको, काहीतरी अभ्यासाचं द्या." इथे आईला उपदेश करायचा नाही, मुलाला निराश करायचं नाही. "एक तिचं, एक तुमच्या पसंतीचं, दोन्ही न्या," हे सुचायला सराव लागतो.

दुसरा, भेट पुस्तकांचा. घर बदलताना किंवा वडील गेल्यावर लोक खोकी भरून पुस्तकं आणतात. त्यात जुनी पाठ्यपुस्तकं, वाळवी लागलेले अंक, आपल्याकडे तीन-तीन प्रती असलेल्या कादंबऱ्या असतात. "जागा नाही," म्हटलं की माणूस आयुष्यभर दुखावतो, कारण त्याच्या दृष्टीने ती रद्दी नसते, वडिलांची आठवण असते. सगळं ठेवून घेतलं तर कपाटं भरतात आणि वर्षभराने तीच पुस्तकं मागच्या दाराने जाताना त्याला दिसतात. ते जास्त वाईट. सेवकाने आधी खोकं उघडून दोन पुस्तकं हातात घ्यावीत, वडिलांबद्दल एखादा प्रश्न विचारावा. मग सांगावं: "जी आमच्याकडे नाहीत आणि चांगल्या स्थितीत आहेत, ती आम्ही दाखल करू, त्यावर वडिलांचं नाव राहील. उरलेली तुम्ही परत न्याल की गरजू शाळेला देऊ?" निर्णय त्याच्या हातात ठेवायचा, आणि जे ठरेल ते कागदावर लिहून सही घ्यायची. हा प्रसंग नीट जमलेला सेवक बाकी कुठेही अडत नाही, असा माझा अनुभव आहे.

अभ्यासिकेचं थोडक्यात. एमपीएससीची मुलं सकाळी बॅग ठेवून जागा धरतात, वाद होतात, सेवक पोलिसासारखा फिरतो. नियम मुलांनाच बसवून करायला लावा आणि दर महिन्याला त्यांच्यातले दोघं जबाबदार नेमा. सेवकाने फक्त ठरलेलं आठवण करून द्यायचं.

एक गोष्ट प्रशिक्षणाच्या नावाखाली झाकली जाऊ नये. सार्वजनिक ग्रंथालयांतल्या सेवकांचा पगार अनुदानातून भागवला जातो आणि तो तुटपुंजा आहे. शासनाने नेमलेल्या प्रभा राव समितीपासून व्यंकप्पा पत्की समितीपर्यंत वेतनश्रेणीची चर्चा होत राहिली, तरी सेवकांची ती मागणी आजही उभीच आहे. दिवसभर दुसरीकडे काम करून संध्याकाळी काउंटरवर बसणारा माणूस दमलेला असतो. त्याला 'हसतमुख राहा' शिकवण्याआधी पगार वेळेवर होतो का, हे बघा. अनुदानाचा हप्ता उशिरा येणार असेल तर तसं आधीच सांगा, तारखेसकट. सेवकाला अंधारात ठेवणाऱ्या संस्थेने त्याच्याकडून चांगल्या संवादाची अपेक्षा करू नये.

मंजूर झालेले पैसे मात्र परत करू नका. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डेन यांना अमेरिकेहून बोलावलं आणि पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथालय सेवकांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. सेवकांवर खर्च करण्याची परंपरा आपल्याला आहे. त्यातले काही पैसे निर्गम सहायकाला आणि सहायक ग्रंथपालाला शेजारच्या जिल्ह्यातल्या चांगल्या चाललेल्या ग्रंथालयात चार-सहा दिवस पाठवण्यासाठी ठेवा, प्रवास आणि राहण्यासकट. तिथे त्यांनी फक्त काउंटरवर बसून बघायचं. तिकडचे सेवक तुमच्याकडे येऊ शकले तर आणखी चांगलं. काही पैसे सरावाच्या दिवशी लवकर येणाऱ्यांच्या भत्त्यासाठी. जिल्हा ग्रंथालय संघातल्या एखाद्या अनुभवी ग्रंथपालांना तीन महिन्यांनी एक दिवस बोलवा, भाषणासाठी नव्हे, काउंटरच्या बाजूला बसण्यासाठी. त्यांना तुमची पहिल्या आठवड्यातली टिपणं द्या. मागणी नोंदवहीत किती नावं लिहिली गेली, त्यातल्या किती जणांना फोन गेला, माफीच्या नोंदींमागची कारणं काय आहेत, हेही दाखवा.

सुरुवात जूनमध्ये करा. दिवाळी अंकांची धांदल सुरू झाली की काउंटरवर श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि मार्चमध्ये हिशेब असतात. जूनमध्ये सुरू केलंत तर १२ ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनापर्यंत दोन महिन्यांचा सराव झालेला असेल. त्या दिवशी सभासदांसमोर भाषण करायला पाहुणे बोलवण्याची प्रथा तुमच्याकडेही असेल. या वर्षी दहा मिनिटं निर्गम सहायकाला द्या. काउंटरवर आता काय काय मिळू शकतं, कोणता निर्णय तो स्वतः घेऊ शकतो आणि कशासाठी त्याला थांबायला सांगावं लागतं, हे त्याने सभासदांना स्वतःच्या तोंडाने सांगावं. अध्यक्षांना पहिल्या रांगेत बसवा.